पाठीला कमळ नसलेलं नाणं

मनकर्णाला प्रत्येक वस्तूची पाठ बघायची खोड होती. बाजारात वांगं घेतलं तरी उलटं करून देठाखाली बघायची. लुगडं घेताना सगळ्या बायका पदर बघतात, ही आधी आतली बाजू उलगडायची. भाकरी तव्यावरून उतरली की फुगलेला पापुद्रा राहू दे, खालची बाजू कुठे करपली का ते बघायची. आमच्या बेलापुरातले दुकानदार तिला लांबून बघूनच म्हणत, "आली बघा पाठ बघणारी." ती हसायची आणि म्हणायची, "तोंड समदेच धुत्यात वो, पाठ कोन घासतंय?"

ती आमच्या शेजारच्या दोन खणांच्या खोलीत राहायला आली तेव्हा नवीनच लग्न झालं होतं. माहेर पाथर्डीकडचं, कोरडवाहू मुलखातलं. तिचे वडील श्रीमंत. नाव तेवढं श्रीमंत, बाकी पाऊस पडला तर ज्वारी, नाही तर कोयता. दर वर्षी दिवाळी झाली की सगळं घर ऊसतोडीला इकडे प्रवरेच्या काठाला यायचं. मनकर्णा लहानपणापासून उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच वाढलेली. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात भीमा फिटर होता. ऊस घेऊन आलेल्या श्रीमंतांच्या गाडीचा आस मोडला म्हणून दुरुस्तीला गेला, आणि मग त्या गाडीचं काही ना काही रोजच मोडायला लागलं. टोळीतल्या बायका म्हणायच्या, "श्रीमंतभाऊ, गाडी बदला न्हाईतर जावई करून घ्या." हंगाम संपला, टोळी परत गेली, मनकर्णा इथेच राहिली.

भीमाच्या घरी हे आवडलं नाही. त्यांची बागायत होती, गावात मान होता. थोरला भाऊ सहादेव तसा गरीब स्वभावाचा, पण घर चालायचं ते त्याची बायको झुंबरबाई हिच्या शब्दावर. तिने सांगितलं, "कोपीतली सून ह्या उंबऱ्यात नको." भीमाही हट्टी. कपड्यांची पेटी सायकलला बांधून तो आमच्या शेजारी आला. जमिनीचं पुढे बघू म्हणाला. मनकर्णाने जमिनीचा विषय कधी काढलाच नाही. तिच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली. घरात देव नव्हते.

आमच्याकडे रीत अशी की कुळाचे टाक थोरल्या घरी राहतात. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेले देव. पुढून देवाचं रूप वर आलेलं, आणि पाठीमागून तेच रूप खोलगट. धाकटा वेगळा निघाला की नवे टाक करतो, ते थोरल्याच्या देवघरात नेऊन जुन्या टाकांशी भेटवतो, आणि मग आपल्या घरी बसवतो. भेटीशिवाय टाक म्हणजे नुसता पत्रा. झुंबरबाईने भेटीला नाही म्हटलं. त्यामुळे मनकर्णाच्या फळीवर एक सुपारी गणपती म्हणून, आणि एक मोहटादेवीचा कागदी फोटो, एवढंच होतं. फोटोलाही ती पाठीमागून पुसायची.

आषाढात एकदा मी ताक द्यायला गेले, तर ती चुलीपुढे बसून रडत होती. नवरात्र दोन-अडीच महिन्यांवर आलेलं.

"घट कशावर बसवू अक्का? पानावर ठिवायला देव तर पायजे ना."

मी म्हटलं, "सुपारी ठेव. देवाला सगळं चालतं."

"देवाला चालतं वो. झुंबरबाईस्नी चालत न्हाई. आन मलाबी न्हाई." नाक पुसून ती म्हणाली, "मी ह्या घरची हाय, आसं सांगनारं कुनीतरी त्या फळीवर बसलं पायजे."

भीमा दारात चप्पल काढत होता. त्याने ते ऐकलं.

त्यानंतर काही दिवसांनी, आषाढ सरता सरता, भीमा घरी आला आणि खिशातून एक नाणं काढून त्याने तिच्या हातावर ठेवलं. ते वीस पैशांचं नाणं होतं, पिवळंधमक. ही नाणी तेव्हा नवीनच निघाली होती. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला कमळ. गावात आवई होती की यात सोनं मिसळलंय, म्हणून कितीतरी बायकांनी ती डब्यात घालून ठेवली होती. लक्ष्मीपूजनाला तर हटकून ठेवत, कमळ असल्यामुळे.

"हॉटेलात चहा पिलो, मोडीत हे आलं," भीमा म्हणाला. "मालक म्हनला हे चालत न्हाई, दुसरं देतो. मी म्हनलो राहू दे."

मनकर्णाने सवयीने आधी पाठ बघितली. पाठीला कमळ नव्हतं. वीसचा आकडा नव्हता. पुढच्या बाजूला जे सिंह वर आलेले, तेच सिंह पाठीला खोल गेलेले होते, आरशात दिसावेत तसे उलटे. 'भारत' ही अक्षरंसुद्धा उलटी आणि खोल.

ती धावत माझ्याकडे आली. ओला हात पदराला पुसून तिने नाणं माझ्यापुढे धरलं.

"अक्का, पाठ बघा! टाकाची पाठ!"

आणि खरंच, ते टाकासारखं दिसत होतं. पुढून वर, मागून खोल. शिवाय सिंह म्हणजे देवीचं वाहन. मला स्वतःलाही हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

"झुंबरबाई येऊ देईना," मनकर्णा म्हणाली, "मंग देवीच आपल्या पायानं आली."

श्रावणात तिने ते नाणं दुधात धुऊन फळीवर बसवलं. आळीतल्या बायका येऊन बघून जायच्या. नवरात्रात तिने विड्याच्या पानावर ते ठेवून घट बसवला, माळा चढवल्या. तिच्या घटातलं धान्य असं तरारून आलं की मी तिला म्हटलं, "पाणी जास्त घालतेस." ती म्हणाली, "न्हाई वो, शेतकऱ्याची लेक हाय मी." त्या दिवसांत तिच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता. पूर्वी ओट्याच्या कडेने जायची, आता मधून जायला लागली.

अष्टमीला झुंबरबाई आली. बोलावलं नव्हतं. सात-आठ बायका ओटी भरायला बसलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत ती फळीपुढे गेली, वाकून नाणं बघितलं, आणि हसली.

"देवी व्हय ही? अगं, ही तर माज्या दिराच्या हातची हाय!"

ओटी भरणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"वर्कशॉपात शिकंजा आस्तो लोखंडाचा," झुंबरबाई बायकांकडे वळून सांगायला लागली. "त्यात दोन नाणी एकावर एक घालायची आन आवळायचा. हिकडचा सिंव्ह तिकडं उमटतो. झाली देवी! ज्या गड्यानं लोखंडाच्या नटाची अंगठी घासून बायकूला चांदीची म्हनून घातली, त्याला ह्ये काय जड हाय? आमचं टाक जेजुरीला जाऊन आल्यात. ही कुठनं आली? वर्कशॉपातनं!"

नटाची गोष्ट खरी होती. भीमाला असल्या करामतींची हौस. लग्नाच्या वेळी पैसे नव्हते, तेव्हा त्याने एक मोठा नट कानशीने घासून घासून अंगठी केली होती आणि चांदीची म्हणून मनकर्णाच्या बोटात घातली होती. पुढे बाजारातल्या सराफाने हसून सांगितलं तेव्हा मनकर्णाही हसली होती. पण ती गोष्ट तिच्या लक्षात राहिली होती, हे मला त्या अष्टमीला तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. ती पदराखाली त्या अंगठीशी चाळा करत राहिली.

संध्याकाळी भीमा आला. भिंत मधे एकच, तीही मातीची. मी ऐकत नव्हते, पण ऐकू आलं.

"तुमी केलंय का वो ते?"

मग भीमाचा आवाज आला, "तुला काय वाटतं?"

"मी इचारतेय."

"मी न्हाई म्हनलो तर ऐकशील?"

ताटलीचा आवाज झाला. तो न जेवता बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

त्यानंतर त्या घरातली मजाच गेली. भांडण नाही, आवाज नाही, पण एरवी भिंतीपलीकडून येणारं हसू ऐकू येईना. आळीत 'वर्कशॉपातली देवी' हे नाव पडलं. पोरंसोरंही म्हणायला लागली. दसऱ्यानंतर मनकर्णा माझ्याकडे येऊन बसली. मी पोथी वाचत होते, ती मिटून ठेवली.

"दिवा लावते अक्का, पर हात जोडवत न्हाईत. त्ये खोटं आसंल तर?"

मी मला जे वाटत होतं तेच सांगितलं. "मनकर्णा, तू मनापासून दिवा लावलास ना? तो पोचला. पुढे नाणं आहे का दगड, देव ते बघत नाही."

"देवाचं पोचलं आसंल," ती म्हणाली. "देवाचं आन माजं मी बघून घिईन. पर ह्यांचं आन माजं काय? ह्यांनी मला देवाच्या नावानं फसवलं का न्हाई? अंगठीचं सोडा, ती बोटातली हाय. हे कपाळाला लावलंय मी."

मला एक माणूस आठवला.

माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या कचेरीत साध्या नोकरीला. तिथल्या जुन्या बाजारात आसाराम सोनार टाक करायचे. आमच्या घरचे टाक त्यांच्याच हातचे. ठसा, पत्रा आणि दाब यात ज्या माणसाचं सगळं आयुष्य गेलं, त्याला हे दाबलेलं आहे का कसं ते सांगता येईल असं मला वाटलं. मी म्हटलं, "चल. दिवाळीआधी जाऊन येऊ. पण तिथे खोटं निघालं तर?"

ती उठून उभी राहिली. "निघू द्या. खोट्याची पाठ तरी बघून येऊ."

भीमाला तिने अक्काच्या माहेरी जाते एवढंच सांगितलं. नाणं फळीवरून काढून, कुंकवाच्या कागदात बांधून कमरेला खोचलं. श्रीरामपूरला एस.टी. बदलून आम्ही नगरला उतरलो आणि टांग्याने भिंगारला गेलो. वाटेत लष्कराच्या गाड्या जाताना बघून ती म्हणाली, "एवढी मानसं, आन एकाच्यापन अंगावर रंगीत कापड न्हाई बया." तेवढंच काय ते हसली.

आसारामकाकांचं दुकान म्हणजे एक खण आणि पुढे फळी. ते देवीचा टाक करत होते. लाकडाच्या ओंडक्यावर पितळेचा ठसा, त्याच्यात देवीचं रूप खोल कोरलेलं. त्यावर चांदीचा पातळ पत्रा, पत्र्यावर शिशाचा गोळा, आणि वरून हातोडी. शिसं मऊ, ते पत्र्याला खाली ढकलतं, आणि पत्रा ठशात जाऊन बसतो. त्यांनी चिमट्याने पत्रा उचलला तेव्हा देवीचं तोंड वर आलं होतं. मनकर्णाने न विचारताच तो हातात घेऊन उलटा केला.

काका चष्म्यावरून बघत राहिले. "ही कोण गं?"

"माझी शेजारीण. हिचं एक काम आहे, काका."

"गिऱ्हाईक पहिल्यांदा तोंड बघतं. ही पाठ बघते. सोनाराची लेक आहेस का?"

"कोयत्याची हाय," मनकर्णा म्हणाली आणि कागद सोडून नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. नवऱ्याचं वर्कशॉप सांगितलं, अंगठीसुद्धा लपवली नाही.

काकांनी नाणं भिंगाखाली धरलं, फिरवलं, नखाने कड चाचपली. मग म्हणाले, "दाबलेलंच असावं, बाई."

मनकर्णाने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा नाण्याकडे.

"असावं म्हटलं मी. आहे असं नाही म्हटलं," ते म्हणाले. "थांब जरा. दाबूनच बघू की. वीस पैशांची दोन नाणी आहेत का कुणाकडे?"

माझ्या पिशवीत होती. मी दिली.

"सरकारी नाणं खराब करायचं म्हणजे गुन्हा आहे. कुणी विचारलं तर हिच्या बापाचं नाव सांगेन, ते लष्करात आहेत," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणत त्यांनी दोन्ही नाणी एकावर एक ठेवली, एकाचे सिंह दुसऱ्याच्या कमळावर. दोन्हीकडून चामड्याचा तुकडा लावला, आणि कोपऱ्यातल्या शिकंजात धरून जोर लावून आवळलं. मान लाल झाली त्यांची. सोडवल्यावर नाणी आमच्यापुढे टाकली.

"आता बघा. तिघंही बघू."

एकाच्या कमळावर सिंह उमटले होते खरे, पण अंधुक आणि अर्धवट. आणि त्यांच्याखाली कमळाच्या पाकळ्या तशाच दिसत होत्या, पुसलेल्या पाटीवर जुनं अक्षर दिसावं तशा. मनकर्णाने तेच नाणं उलटं केलं.

"अगं बया, ह्याच्या पुढल्या सिंव्हाचं नाक गेलं!"

"जाणारच. ज्या बाजूला शिकंजाचा जबडा, ती बाजू चेपते. चामडं घातलं म्हणून एवढं तरी राहिलं. आता तुझं घे."

तिने स्वतःचं नाणं बाजूला ठेवलं. त्याच्या पुढच्या सिंहांची नाकं, आयाळ सगळं जिथल्या तिथे होतं. कड सारखी. पाठीला खोल गेलेल्या सिंहांचे केससुद्धा मोजावेत इतके स्वच्छ. भिंगातून आम्ही आळीपाळीने बघितलं. पाकळीचा माग कुठेही नव्हता. काकांनी तराजूत एका पारड्यात हे नाणं आणि दुसऱ्यात साधं नाणं टाकलं. काटा मधेच राहिला.

"म्हणजे ह्याच्यावर कमळ कधी उठलंच नाही," काका सावकाश म्हणाले. "कमळ पुसून सिंह काढलेले नाहीत. कोऱ्यावरच सिंह उठलेत. एकदा, फार वर्षांपूर्वी, आटवायला आलेल्या चांदीच्या रुपयात असा एक बघितला होता. राजाचं तोंड पुढून वर, मागून खोल. तेव्हा मी म्हटलं, काहीतरी भानगड असेल, आणि टाकला मुशीत. आज वाटतंय उगाच टाकला."

"पर मंग झालं कसं?"

काकांनी लाखेच्या दोन चकत्या घेतल्या आणि तळहात पुढे केले. "टांकसाळीत दोन ठसे असतात. हा खालचा, सिंहाचा. हा वरचा, कमळाचा. मधे कोरी चकती येते, वरचा ठसा पडतो, दोन्हीकडे उमटतं, नाणं खाली पडतं. पुढची चकती येते. बरोबर? आता समज, एक नाणं खाली पडलंच नाही. वरच्या ठशालाच चिकटून बसलं. त्याचं तोंड, म्हणजे सिंह, खाली बघतायत. पुढची कोरी चकती आली. खालून तिला तिचे सिंह मिळाले. आणि वरून?"

मनकर्णा त्यांच्या तळहातांकडे बघत होती. तिचे ओठ हलले. मग एकदम म्हणाली, "वरनं थोरल्याचं सिंव्ह घुसलं!"

"बरोबर."

"मंजी थोरल्यानं जागा सोडली न्हाई, म्हनून धाकल्याला कमळ मिळालं न्हाई!"

काका असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसले. मनकर्णाला आपण काय बोललो ते मागाहून कळलं आणि तिने तोंडाला पदर लावला.

"मग हे खोटं नाही ना काका?" मी विचारलं, कारण तिला विचारायचा धीर होईना.

"खोटं नाही. मला दिसतंय त्याप्रमाणे टांकसाळीतलंच आहे. खोटं म्हणजे कुणीतरी फसवायला केलेलं. हे कुणी केलेलं नाही. हे चुकलेलं आहे."

मनकर्णाने तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटला. "चुकलेलं. मंजी वाट चुकून आलेलं?"

"तसं म्हण."

"चुकलेलं वासरू दारात आलं तर आमी त्याला हाकलत न्हाई," ती म्हणाली. "पानी दावतो आन बांधतो."

काकांनी नाणं तिच्याच कागदात बांधून दिलं. ते देव्हाऱ्यात ठेवावं का नाही, याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाठीला हळदकुंकू लावू नकोस गं. खाचेत बसलं की निघत नाही." आणि मग, आम्ही उठताना, "भेटीची परवानगी मिळाली की ये. टाक मी करून देईन. पाठ चांगली करीन, तू बघणार आहेस म्हणून."

येताना एस.टी.त मनकर्णा खिडकीशी बसली होती. राहुरी मागे पडली तरी बाहेरच बघत होती. मला वाटलं, खरं निघालं, आता आनंदात असेल. मी विचारलं तर म्हणाली, "अक्का, नाणं खरं निघालं. मंजी हॉटेलातल्या मोडीचं हे खरंच बोलले हुते. आन मी एवढ्या लांब सोनाराकडं त्यांची परीक्षा घ्याया गेले. आता घरी काय तोंड दावू?"

दिवेलागणीला आम्ही बेलापूरला उतरलो. भीमा ओट्यावर बसलेला होता. घरात दिवा नव्हता. फळीवरची जागा रिकामी बघून त्याला सगळं समजलेलं असणार. मी माझ्या दाराकडे वळले, तर मनकर्णाने माझा हात धरला. "थांबा अक्का. तुमी संगट हुत्या."

"काय म्हनला सोनार?" भीमाने विचारलं.

"सांगते. पर आधी मला..."

"मी केल्तं," भीमा म्हणाला.

मनकर्णाच्या हाताची पकड माझ्या हातावर घट्ट झाली. तिने कमरेचा कागद चाचपला.

भीमाने खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली, आणि आतून एक नाणं काढून ओट्यावर ठेवलं. "ते न्हाई. हे. तू आखाडात रडत बसल्तीस ना चुलीपुढं, दुसऱ्या दिशी जेवायच्या सुट्टीत मी दोन नाणी शिकंजात घालून आवळली. म्हनलं, पाठ खोल झाली का तुला टाकावानी दिसंल. जमलं न्हाई. सिंव्ह चेपलं, कमळ जाता जाईना. लाज वाटली. टाकूनबी देववंना, डबीत ठिवलं. आन आठवडाभरानं हॉटेलात ते दुसरं हातात आलं. मी घाबरलोच. म्हनलं, जे मला जमलं न्हाई, ते हे कुनी केलं?"

"मंग मी इचारलं तवा न्हाई का म्हनला न्हाईत?"

"कसा म्हनू? एक केल्तंच की. त्या दिशी 'न्हाई' म्हनायला जीभच उचलंना."

मनकर्णा त्याच्याशेजारी ओट्यावर बसली. ते चेपलेलं नाणं उचललं आणि उजेड होता तेवढ्यात उलटं केलं. पुसट सिंह, आणि त्याच्याखालून कमळाच्या पाकळ्या. अगदी आसारामकाकांच्या नाण्यासारखंच. ती बघत राहिली, आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना.

"नाकं पार चेपली की वो!"

"हसतीस काय?"

"आवं, त्या सोनाराचा जलम गेला ठसे मारन्यात, त्यालाबी जमलं न्हाई. तुमी काय त्याच्याहून हुशार?"

भीमाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तोही हसला, पण आवाज न करता, मान खाली घालून. मी माझ्या घरात गेले आणि दिवा लावला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडेही काडी ओढल्याचा आवाज आला.

चुकलेलं नाणं परत फळीवर बसलं. आळीत मी दोन-चार जणींना सोनाराचं म्हणणं सांगितलं. थोरल्याने जागा सोडली नाही हे मनकर्णाचं वाक्य मात्र मी सांगायला नको होतं, कारण ते गावभर झालं आणि अर्थातच झुंबरबाईपर्यंत पोचलं. ती बरेच दिवस आमच्या आळीतून गेली नाही.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मनकर्णाचं माहेरचं सगळं घर हंगामाआधीच इकडे आलं, त्या दोन खणांत कोपीसारखी दाटी झाली, आणि नवरात्र त्यातच आलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी झुंबरबाई दारात उभी. मनकर्णाची आई लंकाबाई ज्वारी निवडत बसली होती, ती दचकून उठली.

"बसा वो विहीनबाई, मी भांडाया आले न्हाई," झुंबरबाई म्हणाली. फळीपुढे गेली. या वेळी तिने नाणं हातात घेतलं, आणि उलटं केलं. बराच वेळ पाठ बघितली. कपाळाला लावलं नाही, पण पदराने पुसून जागेवर ठेवलं.

"मनकर्णे."

"जी."

"सोनाराकडनं टाक करून आन. आमचं पाटावर जरा सरकून बसतील. थोरल्यानं जागा सोडावी लागती म्हनं." एवढं बोलून ती जायला निघाली. मनकर्णाने "कुकू लावून जावा" म्हणून तिला थांबवलं आणि करंडा उघडला. करंड्यात, कुंकवात अर्धं बुडालेलं, भीमाच्या डबीतलं ते चेपक्या नाकाचं नाणं होतं.

"आन ही कुठली देवी आनखी?"

"देवी न्हाई ती, बाई," मनकर्णा तिच्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली. "ते खोटं नाणं हाय. ते मी कुनाला देत न्हाई."